भाऊजींची रमी, माळ आणि मानपान

प्रश्न : ताई, आमचे भाऊजी मोबाईलवर रमी खेळायलेत, अ‍ॅप बंद झाले तर आता कुणीतरी टेलिग्रामवर लिंक पाठवतं त्यावर चालूच हाय. सोयाबीनचे पैसे गेले, सासूबाईंची बोरमाळ गहाण पडली. दवाखान्यात एकदा नेलं तर परत येत नाही म्हणले, लाज वाटते म्हणे. माझी मावसबहीण ऑकलंडला नर्स हाय, ती सांगायली की तिकडं सामोआ-टोंगाच्या लोकांसाठी त्यांच्याच रीतीनं जुगार सोडवतात. आपल्याकडं तसं जमंल का? का सरळ तुळशीची माळ घालायला लावू? आन पोलिसांचं भ्या बी वाटतं.
– एक वहिनी, मानवत तालुका

उत्तर : वहिनी, माळेची घाई नका करू. माळ घातली आणि पुन्हा खेळले तर ते कर्जही लपवतील आणि माळ मोडली तेही लपवतील.

मावसबहीण बरोबर सांगायली. न्यूझीलंडमध्ये पब-क्लबात जुगाराची मशीन असतात, पोकी म्हणतात त्यांना, आणि ती गरीब वस्त्यांतच जास्त, त्यामुळं साऊथ ऑकलंडसारख्या भागातल्या पॅसिफिक लोकांना, म्हणजे सामोआ-टोंगासारख्या बेटांवरून आलेल्यांना, फटका जास्त बसतो. तिकडं मापू माइया नावाची सेवा आहे, समुपदेशक त्यांच्याच समाजातले, त्यांची भाषा बोलणारे, घरच्यांनाही सोबत बसवतात. असल्या सेवांचा पैसा जुगारवाल्यांकडूनच वसूल करायची सोय त्यांच्या 2003 च्या कायद्यात आहे, ही गोष्ट मला फार आवडली. फोनोफाले म्हणून त्यांचा एक आराखडा आहे, त्यात माणसाचं आरोग्य सामोअन घरासारखं दाखवलंय, कुटुंब म्हणजे पाया आणि संस्कृती म्हणजे छप्पर.

पण हेच छप्पर कधीकधी डोक्यावर पडतं. तिकडं लग्न, मयत, चर्चची देणगी, बेटावरच्या घरी पाठवायचे पैसे, यात हात आखडला की अख्ख्या घराची मान खाली, मग काहीजण ते भागवायला मशीनपुढं बसतात आणि हरले की त्याच लाजेपायी कुणाला सांगत नाहीत. आता आपल्याकडचं बघा, आहेर, भावकीची वर्गणी, सप्त्याची पंगत. म्हणून पहिलं काम तुमच्या सासऱ्यांचं, किंवा भाऊजी ज्यांचं ऐकतात त्या मामांचं, त्यांनी चारचौघांत सांगायचं की यंदा आमच्याकडून पंगत नाही, आहेर घेणार नाही देणार नाही. कारण सांगायची गरज नाही. भाऊजींच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथंच उतरंल.

मग मामांनी त्यांना एकट्याला घेऊन बसायचं, शेतात बसा, कुठंबी बसा, आणि सावकाराचं, दुकानदाराचं, मित्राचं सगळं देणं एका वहीत लिहायचं. एकदम फेडू नका, नवीन कर्ज काढून तर नाहीच. खात्याचा व्यवहार जाऊबाईंच्या हातात, मोबाईलमधलं यूपीआय बंद. गावातल्या बुवांना मध्ये घ्यायचं असंल तर आधी वचन घ्या की कीर्तनात दाखला म्हणून हे यायचं नाही (येतं हो, नाव घेत नाहीत पण गावाला कळतं).

दवाखान्यात परत न्या, यावेळी मामा आत बसू द्या. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, डॉक्टरांना नवीन नाही. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 लावा, फुकट आहे, रात्री पण चालतो, मराठीत बोलतात.

पोलिसांचं म्हणाल तर पैशांच्या ऑनलाईन खेळांवर 2025 चा केंद्राचा बंदी कायदा आहे, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. लिंक पाठवणाऱ्याची तक्रार बिनधास्त करा.

आणि आजच, हे वाचून झालं की, फवारणीचं औषध घरातून आणि शेतातल्या खोलीतून हलवून दुसऱ्याकडं कुलपात ठेवा. जीव द्यायचं मनात येतं का हे भाऊजींना सरळ विचारा, विचारल्यानं काही वाढत नाही. हो म्हणले तर त्या रात्री एकटं सोडू नका, थेट दवाखान्यात न्या.