‘उत्तर धाडू नकोस’ या पत्राचे उत्तर

परदेशी गेलेल्या आणि दोन-तीन पिढ्या संपर्क नसलेल्या नातलगांना पहिले पत्र लिहावे की नाही, आणि लिहिले तर त्यांच्या मनात काय येईल, ही विचारणा माझ्याकडे वरचेवर होते. विचारणाऱ्यांना बहुधा नकाराची भीती नसते. आपण काही मागायला आलो आहोत असे समोरच्याला वाटेल, याची असते. त्यासंबंधीचा एक अनुभव, संबंधित ताईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

ताई अलिबाग तालुक्यातल्या, साठी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांची आई बेने इस्रायली, म्हणजे तेलाच्या घाण्यांमुळे आणि शनिवारच्या सुटीमुळे कोकणात ज्यांना पूर्वी शनिवार तेली म्हणत त्या मराठी ज्यू समाजातली. तिने १९६० साली घरच्यांच्या मनाविरुद्ध हिंदू मुलाशी लग्न केले. १९६२ मध्ये तिचे आईवडील आणि धाकटा भाऊ इस्रायलला गेले आणि माहेर हा शब्द घरातून नाहीसा झाला. आई गेल्यानंतर ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घडीत ताईंना एक निळे हवाई पत्र सापडले. शिक्का १९६३चा, पाठवणाऱ्याचा पत्ता इस्रायलमधल्या रामला गावचा, अक्षर मामांचे. तीन ओळी खुशालीच्या आणि शेवटी, ‘उत्तर धाडू नकोस. बाबांस ठाऊक नाही.’

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मामांसाठी लिहिलेला अकरा पानी मसुदा होता. पहिलेच वाक्य होते, ‘माझ्या आईने असा कोणता गुन्हा केला होता?’ मी त्यांना तो मोठ्याने वाचायला सांगितला, पण वाचताना आपण ऐंशी वर्षांचा भाऊ आहोत, बहीण गेल्याचे आपल्याला अजून ठाऊक नाही आणि ते या पानांतूनच कळणार आहे, असे समजून वाचा, असे म्हटले. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या.

आमचे पुढचे बोलणे त्या निळ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवरच झाले. ताईंनी ती ओळ आयुष्यभराची तोडणूक म्हणून वाचली होती. मला ते वर्ष महत्त्वाचे वाटले. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बी-मंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाने, विवाहनोंदणीसाठी अशा सूचना काढल्या होत्या की, बेने इस्रायली वधूवरांची आई, आजी, पणजी अशा शक्य तितक्या मागच्या पिढ्या ज्यू होत्या की नव्हत्या, याची चौकशी व्हावी. त्याविरुद्ध या समाजाने तेथे निदर्शने केली आणि १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केल्यावर हा वाद बराचसा शमला. ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे आणि नुकतेच त्या देशात पाऊल ठेवले आहे, त्या घराने याच दोन वर्षांत परधर्मात लग्न केलेल्या लेकीचे नाव गिळून टाकले असेल, तर त्यामागे रागाइतकीच भीतीही असू शकते. ताईंच्या आजोबांच्या मनात नेमके हेच होते, असे मी म्हटले नाही. तसे म्हणायचा मला अधिकारही नाही. परंतु चोरून पत्र लिहिणारा अठरा-एकोणीस वर्षांचा भाऊ तोडणारा नसतो, एवढे ताईंना पटले आणि ‘का’ हा प्रश्न पहिल्या पत्रातून निघाला.

मग संशयाची गोष्ट. कोकणातून अचानक पत्र आले की पहिली शंका सातबाऱ्याची येते: सही हवी असेल, हक्कसोड करून घ्यायची असेल. येथे दुसरीही शंका शक्य होती. इस्रायलच्या परतीच्या कायद्यात १९७० साली झालेल्या दुरुस्तीने ज्यू व्यक्तीच्या मुलांना आणि नातवंडांनाही तेथे स्थायिक होण्याचा हक्क दिला, तेव्हा भाचीला नागरिकत्वाची कागदपत्रे हवी असतील, असे कोणाच्याही मनात येईल. म्हणून आम्ही पाचव्याच ओळीत लिहिले, ‘जमीन, पैसा, कागद किंवा तिकडे येण्याची सोय, यांतले मला काहीही नको आहे.’ असे वाक्य उद्धट वाटते, असे माझ्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. गुंठ्याभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी इतके पाहिले आहेत की मला ते मान्य नाही.

ओळख पटवण्यासाठी ताईंना आईचा शाळेचा दाखला आणि लग्नाचा फोटो जोडायचा होता. लग्नाचा फोटो मी काढायला लावला. त्याऐवजी त्यांना आईची एखादी सवय आठवते का, असे विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वर्षातून एकदा ती पुढचे दार लावून घ्यायची. पोहे भिजवायची, त्यात गूळ-खोबरे कालवायची, भोवती फळे मांडायची आणि काहीतरी पुटपुटायची. आम्हाला सांगायची, हा मलिदा, एलियाहू हन्नबीचा.’ एलियाहू हन्नबी म्हणजे ज्यूंचा संदेष्टा एलिया, आणि त्याच्या नावाचा मलिदा ही बेने इस्रायलींची खास प्रथा. पत्रात हे तीन वाक्यांत आले. दाखल्याची गरज उरली नाही.

अकरा पानांचे दीड पान झाले. मामा मराठी वाचतील, पण त्यांची मुले वाचतील याची खात्री नव्हती, म्हणून शेवटी चार ओळी इंग्रजीत घातल्या. ताईंच्या मुलाने मामेबहिणीचे फेसबुक खाते शोधून काढले होते आणि तो तेथेच निरोप टाकायला निघाला होता. त्याला मी थांबवले. फोनवरचा निरोप वाचला गेल्याचे दिसते आणि उत्तराचा तगादा लागतो, पत्र मात्र महिनाभर खणात राहू शकते. बेने इस्रायली समाजातले एक वयस्कर मुकादम, म्हणजे समाजाचे प्रमुख, रामलाच्या लोकांना ओळखत होते. त्यांनी पत्ता दिला नाही, पण पाकीट पोहोचवायचे कबूल केले, आणि मला हेच अधिक योग्य वाटले. नव्याच्या सणाआधी, म्हणजे ज्यू नववर्षाआधी, ते पोहोचावे अशा बेताने आम्ही ते श्रावणात दिले.

तीन महिने काहीच आले नाही. त्या काळात ताई दोनदा येऊन गेल्या. दुसरे पत्र पाठवू का, असे दोन्ही वेळा विचारले आणि मी दोन्ही वेळा नको म्हटले. मग एके रात्री मामेबहिणीच्या फोनवरून मामांचा आवाज आला, साठ वर्षांपूर्वीच्या आगरी वळणाच्या मराठीत. जुन्या पत्राचा उल्लेख नाही, खुलासा नाही. सुरुवातीला बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी विचारले, ‘बायला माती कुठे दिली?’

आईचे दहन झाले होते. ज्यू धर्मात प्रेत पुरतात. हा प्रश्न येईल हे मला आधी सुचायला हवे होते, ते सुचले नाही. ताईंना खोटे बोलायचे नव्हते आणि म्हाताऱ्या माणसाला दुखवायचेही नव्हते. आम्ही पूर्ण तास त्या एका उत्तरावर घालवला. शेवटी त्यांनी फोनवर न बोलता पुन्हा कागदच घेतला आणि लिहिले की, आईला अग्नी दिला, तिने याबद्दल काही सांगून ठेवले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. तिच्या नावाने तुम्हाला तिकडे काही करायचे असेल तर जरूर करावे, आणि काय केले ते मला कळवावे.

ते पाकीट गेल्या सोमवारी मुकादमांच्या हाती गेले.