फुटबॉलमधला मिडफिल्डर मुलांचा प्रशिक्षक होताना

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

फुटबॉल खेळणं थांबवून बल्गेरियात, सोफियात तेरा वर्षांखालच्या मुलांचा गट घेतोयस, चांगलं केलंस. पत्रात क्रासिमिर बालाकोव्हचं नाव सारखं येतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो. बल्गेरियातल्या वेलिको टर्नोवोच्या एटर क्लबमध्ये घडलेला हा डाव्या पायाचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, 1991 मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबला गेला, 1995 ते 2003 जर्मनीतल्या स्टुटगार्टकडून खेळला. 1994 च्या विश्वचषकात चौथ्या आलेल्या बल्गेरियाचा खेळ त्याच्या पायांतून फिरायचा. पुढे 2019 मध्ये तोच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला: मे ते ऑक्टोबर, सहा सामने, विजय एकही नाही. मोठ्यांच्या संघात शिकवायला सवडच नसते. शिकवायची हौस असेल तर मुलांचाच गट बरा.

तिथली अडचण मात्र वेगळी आहे. चेंडू येण्याआधी तू खांद्यावरून मागे बघतोस, पण ते इतकं अंगात भिनलंय की तुला सांगता येत नाही. मग तू काठावरून ओरडतोस, "वळ!" मुलगा वळतो, पण पाहून नव्हे, तुझं ऐकून. तू गप्प राहिलास की तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चेंडू नेतो.

म्हणून आधी बघायला शिकव. दोन मुलं 20 ते 25 मीटर अंतरावर समोरासमोर उभी कर, मधे मिडफिल्डर. एक मुलगा पास देतो. तो सुटताच मिडफिल्डरच्या पाठीमागचा मुलगा लाल किंवा निळा बिब (सरावाचं रंगीत बनियन) वर धरतो. चेंडू पायाला लागण्याआधी रंग सांगायचा. लाल असेल तर आला तिकडे परत, निळा असेल तर वळून पुढे. बिब पास सुटल्यानंतर वर करायचा, नाहीतर पोरं आधीच बघून ठेवतात आणि सगळा सराव फुकट जातो. वळताना चेंडू लांबच्या पायावर, शरीर आडवं उघडं. जवळच्या पायावर घेतला की पाठ मैदानाकडे होते आणि दुसरा टच वाया जातो. प्रत्येकाला दीड मिनिट, मग बदली. दमलेलं मूल डोकं वर करत नाही.

हे जमलं की लगेच विरोधक आण. 4 विरुद्ध 2, साधारण 10 बाय 10 मीटरचा चौकोन, तीन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, अशा चार फेऱ्या. चौकोन लहान पडला तर मुलं घाबरून चेंडू ढकलतात. मोठा झाला तर दबावच राहत नाही. कोपऱ्यांवरचे खुणेचे शंकू एकेक पाऊल आत-बाहेर करून बघ, आकड्याला चिकटून राहू नकोस. आणि "एकच टच" ही अट या वयात घालू नकोस. कधी थांबवायचं, कधी सोडायचं, हा निर्णयच तर शिकवायचा आहे.

निवड करताना जन्ममहिना बघ. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं त्याच वर्षीच्या डिसेंबरवाल्यांपेक्षा बहुधा उंच आणि दणकट असतात. प्रशिक्षक त्यांनाच मध्यात खेळवतात आणि तीन वर्षांनी बाकीच्यांनी गाठल्यावर हळहळतात. दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेव. उंची झपाट्यानं वाढत असताना टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला नाटकी समजू नकोस. उड्या आणि धावणं कमी कर, दुखणं टिकलं तर डॉक्टरकडे पाठव.

चांगला निघालेला मुलगा लवकरच परदेशात जाईल. बल्गेरियाचाच स्टिलियान पेट्रोव्ह विसाव्या वर्षी स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबला गेला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. मित्राच्या बर्गरच्या गाडीवर गिऱ्हाइकांशी बोलून तो शिकला. पुढे तो देशाकडून शंभराहून अधिक सामने खेळला. तुझ्या गटातल्या मुलांच्या आईवडिलांना भाषेच्या शिकवणीचं आत्ताच सांग, ट्रायलचं पत्र आल्यावर नव्हे.

प्रशिक्षकाच्या लायसन्सचं लांबवू नकोस. युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या) नियमांत बी लायसन्सला किमान 120 तास, ए ला 180 तास लागतात. बी करतानाच खऱ्या गटासोबत काम असेल तर प्रात्यक्षिकाची तयारी वेगळी करावी लागत नाही. मिळाल्यावरही ते कायमचं नसतं: दर तीन वर्षांत किमान 15 तासांचं पुढचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. त्याची प्रमाणपत्रं वेळच्या वेळी एका फायलीत लाव. मुदत संपता संपता शोधाशोध करणारे बरेच असतात.

कळावे.