पहिली सिंगल माल्ट निवडताना

मित्रा, सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. ती पहिल्यांदा घेताना थेट आयला या स्कॉटिश बेटावरच्या धुरकट व्हिस्कीला हात घालू नकोस. लाफ्रॉइग, आर्डबेगचा तो आयोडीन-डांबराचा वास मला जिवापाड आवडतो, पण पहिल्याच घोटाला तो आला की बरेच जण सिंगल माल्टचं नाव टाकतात.

सुरुवात गोव्यात, कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉनपासून कर. 'ब्रिलियन्स'मध्ये धूर नाही, 'एडिटेड'मध्ये किंचित, 'बोल्ड'मध्ये भरपूर. दोन-तीन मित्र मिळून घ्या आणि तिन्ही थोड्या-थोड्या शेजारी ओता. तिन्ही ४६ टक्क्यांच्या, एकाच डिस्टिलरीच्या. त्यामुळे पीटने, म्हणजे बार्ली वाळवताना जाळलेल्या दलदलीच्या मातीच्या धुराने, नेमका काय फरक पडतो ते जिभेला लगेच कळतं. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेव, म्हणजे नाक झोंबत नाही. आधी नुसती चाख, मग चमच्याने पाण्याचे चार थेंब घाल आणि पुन्हा वास घे: दबलेली फळं, मध वर येतात. बर्फाने हेच सगळं मिटतं, म्हणून तो नंतर.

लेबलवरच्या वयाला भुलू नकोस. ते बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय असतं. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू उडते. गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. त्याच उकाड्याने इथली व्हिस्की लवकर मुरते.

गोड, व्हॅनिलाकडे झुकणारी चव आवडली तर बर्बन ही अमेरिकन व्हिस्की बघ: किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप. आणि चाखायला बसशील तेव्हा पोटात जेवण आणि शेजारी पाण्याचा तांब्या हवाच.