अभ्यासकाचा पूर्वग्रह कसा ओळखावा?

प्रश्न : बायबलमधल्या इस्राएली लोकांनी कनान देश (आजचा इस्राएल-पॅलेस्टाइनचा परिसर) लढून जिंकला, की ते तिथे हळूहळू वसत गेले? प्रत्येक पुस्तकात वेगळंच लिहिलेलं असतं. हे मतभेद पुराव्यामुळे आहेत, की लिहिणाऱ्याच्या धर्मामुळे आणि देशामुळे?

उत्तर : दोन्हींमुळे. जर्मन अभ्यासक अल्ब्रेख्त आल्ट यांनी १९२५ मध्ये मेंढपाळांच्या शांततामय वसाहतीची कल्पना मांडली. अमेरिकेचे विल्यम ऑलब्राइट हे मेथडिस्ट मिशनऱ्यांचे पुत्र. बायबलमध्ये यहोशवा या इस्राएली सेनानीने कनान जिंकल्याची कथा आहे; ऑलब्राइट यांना उत्खननात त्याच्या स्वाऱ्यांचा पुरावा दिसला. १९६२ मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल यांनी यामागे नगरराज्यांविरुद्ध शेतकऱ्यांचं बंड असल्याचं सुचवलं.

तरी केवळ घराण्यावरून निष्कर्ष काढू नका. हासोर या प्राचीन कनानी शहराच्या जागी इ.स.पू. १३व्या शतकातला जळिताचा थर सापडला. इस्राएलचे माजी सरसेनापती यिगाएल यादिन यांनी तो यहोशवाच्या स्वारीचा मानला. ‘सैनिकाला युद्धच दिसणार’ असं म्हणून मोकळं होता येईल. पण त्यांच्याच उत्खननात काम केलेले योहानान आहारोनी, तेही इस्राएलीच, शांततामय वसाहतीच्या बाजूचे होते. त्यांनी वरच्या गालिली या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली छोटी खेडी पाहिली होती. फक्त मोठ्या शहरांच्या टेकाडांवर खणलं तर राजवाडे आणि आगी सापडतात, खेडी सापडत नाहीत.

म्हणून आधी पाहा, लेखकाने कोणत्या जागा घेतल्या आणि कोणत्या गाळल्या. यहोशवाने जिंकल्याचं बायबल सांगतं त्या आय शहराची मानली जाणारी अत-तेल ही जागा त्या काळात ओसाड होती. विजयाची कथा सांगणारं पुस्तक तिच्याबद्दल गप्प असेल, तर सावध व्हा. मग सापडलेली वस्तू आणि तिचा लावलेला अर्थ वेगळे करा. जळालेल्या थरावरून शहर जळालं एवढंच कळतं, कुणी जाळलं ते नाही. शेवटी काळ कशावरून ठरवला ते शोधा: खापरांवरून, कार्बन कालमापनावरून, की बायबलच्याच वचनावरून? तिसरं असेल तर त्याच वचनाला तो पुरावा म्हणता येत नाही.

यहोशवासमोर तटबंदी कोसळल्याचं बायबल सांगतं त्या यरीहो शहराचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९३०च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी तिथली पडलेली तटबंदी यहोशवाच्या काळातली ठरवली. कॅथलिन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ दरम्यान थर पुन्हा तपासले, तेव्हा ती त्या काळाहूनही सुमारे हजार वर्षं आधीची निघाली. केन्यन यांचे वडील बायबलच्या हस्तलिखितांचे नामांकित अभ्यासक होते. कुळावरून अंदाज बांधणाऱ्याने त्यांच्याकडून नेमकं उलट उत्तर अपेक्षिलं असतं.