लेबल छापण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली नावांची यादी मिळाली. कोकम आगळ, आमसुले, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ हे सारे देवगडच्या तुमच्या बागेतून आणि शेजारच्या वाड्यांतून घेऊन एकाच नावाखाली विकायचे, हा विचार मला मनापासून आवडला, आणि म्हणूनच यादीबद्दल स्पष्ट लिहितो. तिच्यातील बहुतेक नावांत 'कोकण', 'देवगड', 'मालवणी' किंवा 'हापूस' यांपैकी एक शब्द आहे आणि त्यापुढे 'स्वाद', 'फूड्स' किंवा 'किंग' जोडलेले आहे. ही नावे ऐकायला वाईट नाहीत. पण ती फक्त तुझी कधीच होणार नाहीत, आणि उद्योगाच्या नावाकडून अपेक्षित असलेले मुख्य काम तेवढेच असते.

माझे आयुष्य लेबले आणि पाकिटे छापण्यात गेले, त्यामुळे हा प्रकार मी फार जवळून पाहिला आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या कोणत्याही कोकणमेव्याच्या दुकानात उभा राहून फळ्यांकडे पाहा. तोच पिवळा आंबा, तीच माडांची रांग, तेच दोन-तीन शब्द. ज्या गिऱ्हाइकाला गेल्या मे महिन्यात नेलेली आंबापोळी आवडली, त्याला यंदा ती नावाने मागता येत नाही. तो 'कोकण काहीतरी, पिवळ्या पाकिटातली' असे सांगतो आणि दुकानदार हाताला लागेल ते पाकीट पुढे करतो. साखर कमी घालून, पोळी उन्हात नीट वाळवून तू जो चांगुलपणा मालात उतरवशील, त्याचे श्रेय अशा वेळी शेजारच्या पाकिटाला जाते. आणि त्या पाकिटातल्या मालाला बुरशी आली, तर बोलणी तुला खावी लागतात. माल काय आहे आणि कुठला आहे हे लेबलावर ठळक छापता येते, छापावेच. नावाने मात्र या मालाला जबाबदार कोण, एवढेच सांगावे.

कायदाही याच दिशेने बोलतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्याच्या कलम ९ नुसार, ज्या चिन्हातून केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा मूळ ठिकाण कळते, त्याची नोंदणी साधारणपणे नाकारली जाते, कारण ते शब्द त्या व्यापारातल्या सगळ्यांना लागतात. दीर्घ वापराने असे नाव एकाच उद्योगाची ओळख बनले असल्यास गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करण्याची वेळ नवशिक्यावर येऊ नये. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचही जिल्ह्यांसाठी आहे. वेंगुर्ला काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे. ही त्या त्या प्रदेशातील उत्पादकांची सामाईक मालमत्ता आहे. तुमच्या घरच्या बागायतदारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंद करून घ्यावी आणि ते चिन्ह मालावर अभिमानाने लावावे, परंतु त्यालाच आपला ब्रँड बनवू पाहू नये.

यादीतला 'रत्ना' हा शब्द सुटसुटीत आहे, म्हणून मी त्यापाशी थांबलो. परंतु 'रत्ना' ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली आंब्याची जात आहे. बागायतदार गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन 'ही रत्नाची पोळी का?' असेच विचारणार, आणि तुझी पोळी तर हापूसची आहे. हे नाव सोडून द्यावे.

ग्रामदेवतेचे नाव देण्यामागची तुझ्या आजीची इच्छा मी समजू शकतो, आणि तिच्याशी याबाबत आदरानेच बोल. रवळनाथ आणि सातेरी यांची देवळे आपल्याकडे गावोगावी आहेत. त्या नावावर एकट्याचा हक्क सांगणे कठीण आणि माझ्या मते अनुचितही. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव कोणा एकाला व्यापारचिन्ह म्हणून घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. शिवाय रिकामे पाकीट शेवटी कचऱ्यातच जाते, हे आजीला सांगितलेस तर तिलाच पटेल. देवाचा फोटो दुकानात लाव आणि पहिले पाकीट देवासमोर ठेव. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या कायद्यानेच बंदी आहे.

मग नाव शोधायचे कुठे? माझा सल्ला असा, की तुमच्याच घराभोवती पाहा: बागेच्या कोपऱ्याला घरात पडलेले नाव, जुन्या विहिरीचे नाव, मांगर (शेतावरचे खोपटे), माटव (मांडव), सडा (कातळाचे माळरान) असे रोजच्या बोलण्यातले शब्द. त्यांचा कोकमाशी किंवा आंब्याशी थेट संबंध नसतो, आणि नेमके त्यामुळेच ते ओळख म्हणून टिकतात. कोकणमेवा विकणाऱ्या रत्नागिरीच्या 'योजक'चे उदाहरण घे. त्या नावात ना आंबा आहे ना कोकण, तरी ते एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्या कोणाच्या मालाशी त्याची गल्लत करत नाही.

मात्र प्रत्येक आवडलेला शब्द तपासून घ्यावा लागतो. 'व्हाळ' (ओढा) हा शब्द मला फार प्रिय आहे, पण त्यातल्या 'ळ'ला रोमन लिपीत स्वतःचे अक्षर नाही. मुंबईतले अमराठी गिऱ्हाईक तो शब्द वेगळाच उच्चारेल आणि मोबाइलवर शोधताना प्रत्येक जण वेगळे स्पेलिंग लिहील. छापणारा म्हणून आणखी एक सांगतो. देवनागरीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार आला, की अक्षराला उंची जास्त लागते. पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर जोडाक्षराच्या पोटात शाई भरते आणि नाव वाचता येत नाही. दोन किंवा तीन अक्षरांचा, जोडाक्षर नसलेला शब्द दुकानाच्या पाटीवरही शोभतो, आणि पाटी मराठीत, देवनागरीत असणे राज्याच्या कायद्याने सक्तीचेच आहे. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला गजबजलेल्या एसटी स्थानकावरून फोन करून ते नाव एकदाच सांग आणि त्याला लिहून पाठवायला सांग. त्याने चुकीचे लिहिले, तर दोष नावाचा समज.

उरलेली नावे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक शोधात पाहा, आणि तंतोतंत तेच नाव नाही म्हणून समाधान मानू नकोस. उच्चाराने जवळचे नाव त्याच प्रकारच्या मालावर असले, तरी आक्षेप येतो. नोंदणीसाठी माल आणि सेवा यांचे एकूण ४५ वर्ग आहेत. आंबापोळी, फणसपोळी आणि लोणची वर्ग २९ मध्ये येतात, पीठ आणि मसाले ३० मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये. पुढे घरगुती निवास सुरू करायचा असेल, तर तो ४३ मध्ये. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते, तेव्हा सुरुवातीला खरोखर विकणार असशील तेवढेच वर्ग घे. अर्ज स्वीकारला जाऊन नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, की हरकतींसाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला 'आर', म्हणजे चिन्ह नोंदलेले असल्याची खूण, कुठेही छापायचा नाही, कायद्याने त्याला मनाई आहे. कंपनी किंवा उद्यम (लघुउद्योग) नोंदणीत नाव मिळाले म्हणजे ब्रँड सुरक्षित झाला, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. विक्री सुरू झाल्यावर पहिले बिल आणि पहिले लेबल तारखेसह जपून ठेव, कारण पुढे वाद झालाच, तर नाव आधी कोणी वापरले याचा तोच पुरावा असतो.

आता यादीत तीन नावे उरव आणि ती रोमन स्पेलिंगसह मला पाठव. मी ती पन्नास ग्रॅमच्या मापात छापून परत पाठवीन. ती पाहून घरच्यांशी बोल आणि मगच अर्ज कर. तोपर्यंत पाकिटांची मोठी ऑर्डर कोणालाही देऊ नकोस, मलासुद्धा नाही.

तुझा शुभचिंतक