जुन्या कॅम्पर व्हॅनचा गिअर घासत पडतो, मधेच निसटतो. गिअरबॉक्स बदलावाच लागेल का?

लगेच बदलू नका. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि चालू असतानाच घासत असतील, तर आधी क्लच तपासा. तो पूर्ण सुटत नसेल. मात्र गिअर आपोआप निसटत असेल, तर दोष बहुधा आतच आहे.

गिअरबॉक्सचं ऑइल काढून ड्रेन प्लगचं (ऑइल सोडायच्या बुचाचं) चुंबक बघा. बोटाला लागणारी बारीक करडी पेस्ट चालते. नखात अडकतील असे धातूचे तुकडे दिसले, तर बॉक्स उघडावाच लागतो.

दुसरा घेताना नुसत्या मॉडेलवर जाऊ नका, केसिंगवर कोरलेला कोड जुळवा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या बॉक्सचे रेशो (कोणत्या गिअरला इंजिनच्या किती फेऱ्यांत चाक किती फिरतं, ते प्रमाण) वेगळे असू शकतात. हलक्या गाडीचा बॉक्स सामानाने भरलेल्या कॅम्परला चढावर दमवतो, हे फार जण विसरतात.

बॉक्स खाली उतरलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील नवीनच टाका. मजुरी पुन्हा कशाला द्यायची? ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे; जीएल-४ सांगितलं असेल तिथे जीएल-५ ओतू नका; गिअर न घासता पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते बाधू शकतं.