सटवाईची लेखणी आणि तुझा माऊस

उद्यमबाग, बेळगाव
रविवार, दुपार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा लेथच्या आवाजात काही कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं पण पटलं नाही, तिसऱ्यांदा हसू आलं. 'पाथ ऑफ एक्झाइल' या कॉम्प्युटर गेममधलं तुझं अकरावं कॅरेक्टर! आधीची दहा कुठं गेली म्हणून विचारलं तर म्हणतोस, "काका, त्यांचा बिल्ड चुकला." बिल्ड म्हणजे पॉइंट कुठं किती टाकायचे ती मांडणी. दहाच्या दहांची चुकली? आणि आता अकराव्याला हात लावायच्या आधी तीन आठवडे नुसता प्लॅनर, म्हणजे ती मांडणी न खेळता आखायचा प्रोग्रॅम, उघडून बसलायस. परवा खानापूरच्या स्टँडवर वहिनी भेटल्या. "लॅपटॉपवर काहीतरी झाडासारखं काढत बसतो, अभ्यासच असेल की," म्हणाल्या. मी हो म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून हे पत्र. एवढं सगळं फोनवर मला बोलायला जमत नाही आणि तुला ऐकायला.

मलाही हा रोग होता. २००३ च्या सुमारास, मी डिप्लोमाला असताना, टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही 'डायब्लो २' खेळायचो. गेम २००० सालचा, पण आमच्याकडं सगळं जरा उशिरा यायचं. मी सॉर्सेरेस घेतली. लेव्हल चढली की पाच स्टॅट पॉइंट आणि एक स्किल पॉइंट. जादूगारीण म्हटल्यावर जादूच लागणार, म्हणून स्टॅट सगळे एनर्जीत, म्हणजे जादूच्या इंधनात, घातले आणि स्किल सगळी आगीत. सुरुवातीला राजा होतो. हेल या सगळ्यांत अवघड पातळीत गेल्यावर कळलं की तिथं काही राक्षसांना आग लागतच नाही, आणि माझी बाई एका फटक्यात आडवी. जाणत्यांचा नियम नेमका उलटा होता: एनर्जीला हात लावायचा नाही, सामान पेलण्यापुरती ताकद घ्यायची आणि उरलेलं सगळं व्हायटॅलिटीत, म्हणजे जिवात. टाकलेला पॉइंट तेव्हा परत घेता येत नसे. ती सोय २०१० साली १.१३ पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारलेल्या आवृत्तीत, आली, तोवर माझ्या लग्नाची पत्रिका छापून झाली होती.

त्या सॉर्सेरेसला मी पुसलं नाही. कॅफेवाल्यानं मशीन फॉरमॅट मारलं, त्यात ती गेली. मग वर्षभर मी थर्मोडायनॅमिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर पुढच्या सॉर्सेरेसचे पॉइंट मांडत होतो. थर्मोडायनॅमिक्सची केटी लागली हे तुझ्या वडिलांना अजून आठवतं, सांगतील.

हे वेड इंटरनेटनं आणलं असं तुला वाटत असेल. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिलीचा खेळ निघाला, त्यात कॅरेक्टर करायचं म्हणजे तीन फासे सहा वेळा टाकायचे. ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई, छाप. जे पडेल ते तुझं. आपल्याकडं पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते ना, तसंच. वाईट लिहिलं गेलं तर सटवाईला शिव्या घालायच्या आणि मोकळं व्हायचं. पुढं गेम करणाऱ्यांनी ठरावीक पॉइंट खेळणाऱ्याच्याच हातात दिले आणि सांगितलं, हवे तसे वाटून घे. सटवाईची लेखणी आपल्या हातात आली म्हणून सगळे खूश. पण त्याच दिवसापासून चुकलं तर शिव्या घालायला समोर दुसरं कुणी उरलं नाही.

परफेक्ट बिल्डचा शोध तिथून सुरू होतो, असं माझं मत. जिंकायची हाव असतेच, पण उद्या पस्तावायची पाळी येऊ नये ही धडपड त्याहून मोठी. तुझ्याच गेममध्ये एक पॉइंट मागं घ्यायची जी वस्तू आहे तिचं नाव बघ: ऑर्ब ऑफ रिग्रेट. पस्ताव्याचा गोळा! एका गोळ्याला एक पॉइंट. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला गिऱ्हाइकाची नाडी बरोबर सापडली होती.

आता तुझ्या बाजूनं. या सगळ्यात नुसती भीती असती तर तू तीन आठवडे टिकला नसतास. हिशेबाची गोडी खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. रेझिस्टन्स, म्हणजे शंभरातला किती मार अडतो तो आकडा, ७५ वरून ८० केला तर वरवर पाच टक्क्यांची वाढ दिसते. पण आधी शंभरातले २५ अंगावर यायचे, आता २० येतात, म्हणजे मार पाचव्या हिश्शानं उतरला. आपला मार वाढवणारे, 'इन्क्रीज्ड' लिहिलेले दोन ४० टक्के एकमेकांत मिळवले जातात, १०० चे १८० होतात. 'मोअर' लिहिलेले दोन ४० टक्के एकमेकांना गुणतात, १९६ होतात. हे तू मला समजावून सांगितलंस, माझ्या ऑफिसात, चहा पिताना. जीएसटी वजा करून मूळ रक्कम काढायला कॅल्क्युलेटर मागणारा तूच ना तो? त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता, बोललो नाही.

आणि दुसरंही एक कळतं मला. भरतीची परीक्षा देऊन तुला दीड वर्ष झालं, निकालाचा पत्ता नाही. मेहनत कुठं गेली, कुणी सांगत नाही. गेममध्ये एक पॉइंट टाकला की तिथल्या तिथं आकडा हिरवा होतो. घातलेलं लगेच दिसतं. अशा जागेत जाऊन बसावंसं वाटणारच.

माझी तक्रार प्लॅनरबद्दल आहे. त्या प्लॅनरमध्ये तुझी विच, तुझी जादूगारीण, मरत नाही. शत्रूला शॉक बसलाय, सगळ्या बाटल्या चालू आहेत, तो हलत नाहीये, असं एकेक टिक करायचं आणि डॅमेजचा आकडा फुगवायचा. मीही केलंय, मला माहीत आहे कुठल्या टिका मारतात ते. गेममधला खरा बॉस राक्षस तुझ्या टिका वाचून येत नाही.

सहा आठवडे आमच्याकडं ट्रेनिंगला होतास, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, काय बघितलंस आठव. नवीन जॉब लागला की ऑपरेटर काय करतो? ड्रॉइंग बघतो, प्रोग्रॅम टाकतो, आणि पहिला पीस जरा मोठाच कापतो. मग मायक्रोमीटर लावतो. तीस मायक्रॉन जास्त आलं तर तेवढा ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, देतो आणि दुसरा पीस काढतो. टूल किती झिजलंय, मटेरियल कसं आलंय, मशीन सकाळचं थंड आहे की दुपारचं तापलेलं, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. चाळीस वर्षं लेथवर काढलेला आमचा म्हाताराही पहिल्या पीसाशिवाय ऑफसेट सांगत नाही, आणि विचारलं तर चिडतो. तू पीस न कापता ऑफसेट काढत बसलायस, तोही तीन आठवडे.

तुला टॉलरन्सही, म्हणजे मापात किती फरक चालतो तेही, दाखवला होता. २५ मिलिमीटरचा शाफ्ट, वर-खाली वीस मायक्रॉन. पार्टीला बरोबर पंचवीस नकोच असतं. जागेवर बसला, फिरला, झालं. पाच मायक्रॉनमध्ये मागितला तर तो लेथवरून उतरून ग्राइंडिंगला जातो आणि दर चढतो. गेमवाले हीच गोष्ट आकड्यांत लपवून ठेवतात. 'एल्डन रिंग' या गेममध्ये व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा स्टॅट, ४० वरून ६० वर नेलास तर वीस लेव्हलांत साडेचारशे हेल्थ मिळते. तिथून ९९ पर्यंत ओढलंस तर एकोणचाळीस लेव्हल घालून जेमतेम दोनशे, १९०० चे २१००. ते दोनशे मिळवणारे लोक आहेत. त्यांना सुटी किती असते कुणास ठाऊक.

दुसऱ्याचा बिल्ड उचलण्याबद्दलही विचारलंयस. उचल की, त्यात कमीपणा कसला? तालमीतलं पोरगंही आधी वस्तादाचाच डाव घेतं. पण तो बिल्ड कुणासाठी बांधलाय ते बघ. व्हिडिओतल्या माणसाच्या अंगावर जे सामान आहे ते तुझ्या पेटीत नाही. शिवाय तीन-चार महिन्यांनी नवी लीग, म्हणजे गेमचा नवा हंगाम, येतो, कंपनी कशावर तरी कात्री चालवते, आणि कालचा परफेक्ट बिल्ड आज कुणी विचारत नाही. तुमच्या गल्लीतली फ्री फायरवाली पोरं त्यांचं क्रोनो हे कॅरेक्टर कंपनीनं कमजोर केल्यावर कशी घरात कुणी गेल्यासारखी बसली होती, तूच सांगितलेलंस.

प्लॅनर सांगतो, पॉइंट चार ठिकाणी पसरू नको, एकाच बाजूला घाल. गेमपुरतं बरोबर असेल. आपण सीमेवरची माणसं मात्र जन्मापासून पसरूनच बसलोय. घरात मराठी, कागदावर कन्नड, ड्रॉइंगवर इंग्रजी, ट्रकवाल्याशी हिंदी. माझी कन्नड ऐकून हुबळीचा माल देणारा अजून हसतो, पण पेमेंटच्या वेळी 'नाळे, नाळे' म्हणणाऱ्याला उद्या म्हणजे किती वाजता हे विचारण्याइतकी ती मला येते, आणि त्यावर माझा कारखाना वीस वर्षं चाललाय. कुठल्या प्लॅनरनं हा बिल्ड पास केला असता?

हे जरा वाहवत गेलो. कामाचं लिहितो.

मागच्या मेसेजमध्ये तू सहज म्हणून गेलास की दहातली सात कॅरेक्टरं गेमच्या सहाव्या-सातव्या ॲक्टमध्ये, म्हणजे अंकात, सोडलीस, कारण तिथं "अचानक" मरायला लागतोस. सातही, एकाच जागी. वेगवेगळे बिल्ड एकाच जागी चुकतात होय? पाचव्या ॲक्टच्या शेवटी किटावा हा बॉस पडला की तुझे आग, थंडी, विजेचे सगळे रेझिस्टन्स ३० नं खाली येतात, कायमचे. दहाव्याच्या शेवटी आणखी ३०. स्क्रीनवर ते येतं, पण तोवर तू जिंकल्याच्या खुशीत असतोस आणि वाचत नाहीस. माझा अंदाज, तुझ्या झाडात, म्हणजे पॉइंटच्या मांडणीत, काही बिघडलेलं नाही. तू रेझिस्टन्स भरून काढणाऱ्या अंगठ्या घातल्या नाहीस.

लेव्हल ५३ ची ती विच अजून डिलीट केली नसशील तर करू नको. पंधरा दिवस प्लॅनर बंद. दोन अंगठ्या आणि एक पट्टा घे, रेझिस्टन्स लिहिलेला, स्वस्तातला. मग खेळ. मेलास की वहीत एक ओळ: कशानं मेलो, आग, थंडी, वीज, केऑस (विषासारखा मार) की नुसता मार, आणि त्या आधी लाइफ किती होती. दहा ओळी झाल्या की प्लॅनर उघड, त्याआधी नाही. अकरावं कॅरेक्टर काढायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

पुढच्या रविवारी कारखाना बंद आहे. अकराच्या खानापूर गाडीनं ये, लॅपटॉप आण, चार्जर विसरू नको, मागच्या वेळी विसरला होतास. वही आणलीस तर मी माझी विचही दाखवीन. रात्री सगळे झोपल्यावर खेळतो, काकूला बोलू नको. लेव्हल ८८ आहे, आणि तिच्या झाडात तीन पॉइंट मी सरळ सरळ चुकीच्या फांदीवर टाकलेत.

तुझा
काका